एडी रॉबिन्सन

एडी रॉबिन्सन (जन्म: १३ फेब्रुवारी १९१९, जॅक्सन, लुइझियाना, मृत्यू: ३ एप्रिल २००७, रस्टन, लुइझियाना) हे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रशिक्षक होते. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या छोट्या गावातील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात त्यांनी १९४१ ते १९९७ या काळात मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले. ४०८ विजय, १६५ पराभव आणि १५ बरोबरीचे सामने अशी त्यांच्या कारकिर्दीची नोंद आहे. ४०० विजयांचा टप्पा गाठणारे ते महाविद्यालयीन फुटबॉलमधील पहिले प्रशिक्षक होत. अमेरिकेच्या दक्षिण भागात वंशभेदाचे कायदे अमलात असताना त्यांची कारकीर्द सुरू झाली आणि ते कायदे रद्द झाल्यानंतर तीन दशकांनी संपली. त्यामुळे एका खेळाडू-शिक्षकाच्या चरित्राबरोबरच एका सामाजिक स्थित्यंतराचा इतिहास म्हणूनही तिचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

भारतात ‘फुटबॉल’ या नावाने ओळखला जाणारा खेळ अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकन फुटबॉल हा त्याहून वेगळा खेळ आहे. त्यात प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. मैदानाची लांबी दोन्ही गोलरेषांमध्ये १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर असते. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. चढाईची सूत्रे ‘क्वार्टरबॅक’ या खेळाडूच्या हाती असतात. कोणता डाव टाकायचा, चेंडू कोणाकडे फेकायचा, याचा निर्णय त्याला क्षणार्धात घ्यावा लागतो.

हा खेळ अमेरिकेत विद्यापीठांच्या मैदानांवरच वाढला. व्यावसायिक संघ बहुतांशी विद्यापीठांतूनच खेळाडू निवडतात. महाविद्यालयाचा प्रशिक्षक हा त्यामुळे शिक्षकही असतो आणि व्यावसायिक खेळाच्या दाराशी उभा असलेला वाटाड्याही असतो.

अशा प्रशिक्षकाच्या कारकिर्दीची सर्वसाधारण वाट ठरलेली असते. खेळाडू म्हणून शिक्षण पूर्ण झाल्यावर तो अल्प मानधनावर पदव्युत्तर सहायक होतो. पुढे एखाद्या विशिष्ट जागेवरील खेळाडूंचा प्रशिक्षक, त्यानंतर चढाईचा किंवा बचावाचा समन्वयक आणि अखेरीस मुख्य प्रशिक्षक, अशा पायऱ्या तो चढतो. बहुधा प्रत्येक पायरीला विद्यापीठ आणि गाव बदलते. रॉबिन्सन यांची कारकीर्द या वाटेला पूर्ण अपवाद ठरली. ते वयाच्या २२व्या वर्षी थेट मुख्य प्रशिक्षक झाले आणि निवृत्तीपर्यंत त्याच संस्थेत राहिले.

बालपण आणि शिक्षण

रॉबिन्सन यांचे वडील वाट्याने शेती कसत, तर आई घरकाम करीत असे. पुढे कुटुंब बॅटन रूज या शहरात आले. प्राथमिक शाळेत तिसऱ्या इयत्तेत असताना त्यांनी मॅकिन्ली हायस्कूलचा फुटबॉल संघ आणि त्याचे प्रशिक्षक ज्यूलियस क्राफ्ट यांना पाहिले. प्रशिक्षकांचा पोशाख, त्यांचे बोलणे आणि खेळाडूंच्या मनात त्यांच्याविषयी असलेला आदर यांनी प्रभावित होऊन आपणही प्रशिक्षकच व्हायचे, असे त्यांनी ठरविले.

पुढे ते लुइझियानातीलच लीलँड महाविद्यालयात दाखल झाले. तेथे ते क्वार्टरबॅक म्हणून खेळले. त्यांचे प्रशिक्षक रूबेन टर्नर हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. १९४१ मध्ये पदवी मिळाल्यानंतर रॉबिन्सन यांना प्रशिक्षकाची नोकरी लगेच मिळाली नाही. गोऱ्यांच्या शाळा-महाविद्यालयांत कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमला जाणे त्या काळी दक्षिणेत अशक्य होते आणि कृष्णवर्णीयांच्या संस्थांमध्ये जागा मोजक्याच होत्या. त्यांनी बॅटन रूजमधील पशुखाद्याच्या गिरणीत ताशी २५ सेंट मजुरीवर काम केले. नोकरी करीत असताना १९५४ मध्ये त्यांनी आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी मिळविली.

ग्रॅम्बलिंग येथील आरंभ

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केल्यामुळे दक्षिणेतील राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे आणि उपाहारगृहे वंशानुसार वेगळी ठेवणे कायदेशीर ठरले होते. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणाऱ्या सोयी कधीच समान नसत. अशा परिस्थितीत कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र महाविद्यालये चालत. १९०१ मध्ये स्थापन झालेली ग्रॅम्बलिंगची संस्था त्यांपैकीच एक होती. १९४१ मध्ये तिचे नाव ‘लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’ असे होते. १९४६ मध्ये ती ग्रॅम्बलिंग महाविद्यालय झाली आणि १९७४ मध्ये तिला विद्यापीठाचे नाव मिळाले.

संस्थेचे अध्यक्ष राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स यांनी रॉबिन्सन यांची दरमहा ६३.७५ डॉलर वेतनावर नेमणूक केली. हाताखाली पगारी सहायक नव्हते. मैदानावरील गवत कापणे, चुन्याने रेषा आखणे, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणे, सामन्याचा वृत्तान्त लिहून वर्तमानपत्रांकडे पाठविणे ही सर्व कामे प्रशिक्षकच करीत असे. परगावच्या सामन्यांना जाताना वाटेतील उपाहारगृहांत संघाला प्रवेश नसे. म्हणून प्रवासासाठी सँडविच तयार करून बरोबर नेली जात.

पहिल्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले आणि पाच गमावले. दुसऱ्याच हंगामात, १९४२ मध्ये, संघाने नऊही सामने जिंकले. विशेष म्हणजे त्या संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्यांना ग्रॅम्बलिंगविरुद्ध एकही गुण मिळविता आला नाही. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ आणि १९४४ मध्ये महाविद्यालयाचा संघ उभा राहिला नाही. त्या काळात रॉबिन्सन यांनी गावातील हायस्कूलच्या मुलांना शिकविले. कापूस वेचणीसाठी वडिलांनी घरी थांबवलेल्या मुलाला खेळता यावे म्हणून त्यांनी सारा संघच शेतावर नेऊन वेचणी उरकली, अशी त्या दिवसांची आठवण सांगितली जाते.

व्यावसायिक फुटबॉलचे दार

व्यावसायिक ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये ही अघोषित बंदी संपली. मात्र ज्यांना प्रवेश मिळाला ते उत्तरेतील किंवा पश्चिमेतील मिश्र विद्यापीठांतून आलेले होते. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील खेळ कमी दर्जाचा असतो, असा समज रूढ होता. १९४९ मध्ये ग्रॅम्बलिंगचे पॉल ‘टँक’ यंगर लॉस एंजेलिस रॅम्स संघात दाखल झाले. अशा महाविद्यालयातून लीगमध्ये पोहोचलेले ते पहिले खेळाडू होत. ते अपयशी ठरले असते, तर त्यांच्यामागून येणाऱ्यांची वाट अधिकच अवघड झाली असती. परंतु यंगर यांनी लीगमध्ये यशस्वी कारकीर्द केली.

पुढील दशकांत ग्रॅम्बलिंगमधून २०० हून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. १९६३ मध्ये बक बुकॅनन यांची ‘अमेरिकन फुटबॉल लीग’च्या निवडप्रक्रियेत पहिल्या क्रमांकावर निवड झाली. बुकॅनन, विली डेव्हिस, विली ब्राउन आणि चार्ली जॉइनर या रॉबिन्सन यांच्या चार विद्यार्थ्यांचा पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. संस्थेचे प्रसिद्धी अधिकारी कॉली निकल्सन यांनी देशभरातील कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतून या यशाला प्रसिद्धी दिली. ग्रॅम्बलिंगचा संघ न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर आणि १९७६ मध्ये जपानमधील टोकियो येथेही खेळला.

क्वार्टरबॅकचा प्रश्न

कृष्णवर्णीय खेळाडू धावण्यात आणि ताकदीत सरस असला, तरी संघाचे नेतृत्व करण्याची बुद्धी त्याच्यात नसते, हा पूर्वग्रह १९६०च्या दशकातही प्रबळ होता. महाविद्यालयात क्वार्टरबॅक म्हणून खेळलेल्या कृष्णवर्णीयांना व्यावसायिक संघ दुसऱ्या जागी खेळवीत. रॉबिन्सन यांनी हा पूर्वग्रह मोडण्याच्या हेतूने जेम्स हॅरिस यांना घडविले. प्रतिस्पर्ध्याच्या बचावाची रचना ओळखणे, चेंडू अचूक फेकणे आणि वार्ताहरांशी नेमके बोलणे, या सर्वांची तयारी त्यांच्याकडून करून घेण्यात आली. १९६९ मध्ये बफेलो बिल्स संघाने हंगामाच्या पहिल्याच सामन्यात हॅरिस यांना क्वार्टरबॅक म्हणून उतरविले.

त्यांच्यानंतर डग विल्यम्स आले. १९७८ मध्ये टँपा बे संघाने पहिल्या फेरीत त्यांची निवड केली. ३१ जानेवारी १९८८ रोजी झालेल्या २२व्या सुपर बोल या अंतिम सामन्यात विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली वॉशिंग्टनने डेन्व्हरचा ४२–१० असा पराभव केला. विल्यम्स यांनी केवळ दुसऱ्या सत्रात चार टचडाउन पास दिले. सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरले.

शिस्त आणि शिक्षण

रॉबिन्सन सकाळी वसतिगृहात गाईच्या गळ्यातील घंटा वाजवीत फिरत आणि खेळाडूंना उठवून वर्गात पाठवीत. प्रवासात कोट आणि टाय घालणे संघाला बंधनकारक असे. व्यावसायिक खेळात पोहोचणारे थोडेच असतात, बाकीच्यांना पदवीचाच आधार असतो, ही त्यामागील व्यावहारिक जाणीव होती.

एकीकरणाचा परिणाम

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविला आणि १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा संमत झाला. तरीही दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत कृष्णवर्णीयांना जागा मिळण्यास १९७०चे दशक उजाडले. सप्टेंबर १९७० मध्ये बर्मिंगहॅम येथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिश्र संघाने अलाबामाच्या संघाला ४२–२१ असे हरविले. हा सामना या बदलाची खूण मानला जातो.

हा बदल न्याय्य होता. मात्र त्याची किंमत ग्रॅम्बलिंगसारख्या संस्थांना मोजावी लागली. पूर्वी दक्षिणेतील गुणी कृष्णवर्णीय खेळाडूंपुढे पर्याय मोजके होते. आता त्यांना प्रचंड मैदाने, दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण आणि अद्ययावत सोयी असलेल्या विद्यापीठांची निमंत्रणे येऊ लागली. ज्या समान संधीसाठी रॉबिन्सन यांची पिढी झटली, तीच संधी त्यांच्या संघातील गुणवत्ता दुसरीकडे नेऊ लागली.

विक्रम आणि निवृत्ती

५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलस येथे प्रेअरी व्ह्यू संघाला २७–७ असे हरवून रॉबिन्सन यांनी ३२४वा विजय नोंदविला आणि अलाबामाचे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. दोघांची तुलना करावी की नाही, यावर त्या वेळी वाद झाला, कारण ग्रॅम्बलिंगचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. मात्र कारकिर्दीच्या पूर्वार्धात ग्रॅम्बलिंगला दक्षिणेतील गोऱ्या विद्यापीठांविरुद्ध खेळण्याची संधीच नव्हती, ही बाबही विचारात घ्यावी लागते.

४००वा विजय ७ ऑक्टोबर १९९५ रोजी मिळाला. परंतु शेवटच्या तीन हंगामांत संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक होते. १९९६ मध्ये त्यांच्यावर निवृत्तीसाठी दबाव आला. त्यावर मोठी जनप्रतिक्रिया उमटली आणि त्यांना आणखी एक हंगाम देण्यात आला. १९९७ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी डग विल्यम्स यांची नेमणूक झाली. एकूण कारकिर्दीत संघाने साउथवेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सची १७ आणि कृष्णवर्णीय महाविद्यालयांची ९ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली.

अखेरची वर्षे आणि वारसा

निवृत्तीनंतर रॉबिन्सन यांना अल्झायमरचा विकार जडला. वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी लुइझियानाच्या राज्य विधानभवनात ठेवण्यात आले होते. ज्या राज्यात एकेकाळी त्यांच्या संघाला उपाहारगृहाच्या दारातून परतावे लागत असे, त्याच राज्याने त्यांना हा मान दिला.

त्यांचा विजयांचा आकडा पुढे ओलांडला गेला. तिसऱ्या श्रेणीतील सेंट जॉन्स विद्यापीठाचे जॉन गॅग्लियार्डी यांनी २००३ मध्ये, तर पेन स्टेट विद्यापीठाचे जो पॅटर्नो यांनी २०११ मध्ये ४०९वा विजय मिळविला. ग्रॅम्बलिंग येथील मैदानाला रॉबिन्सन यांचे नाव देण्यात आले असून २०१० मध्ये तेथे त्यांच्या स्मरणार्थ संग्रहालय सुरू झाले. त्यांच्या नावाने १९८७ पासून दुसऱ्या श्रेणीतील सर्वोत्तम प्रशिक्षकाला पुरस्कार दिला जातो.