सत्तर घरांतला निरोप

चाकणच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये माल बनवण्याइतकंच माल कुठे आहे हे सांगण्याचंही काम असतं. टेम्पो भरला, चलन फाडलं, की फोन सुरू होतात. निघाला का? मोशी ओलांडली का? गेटवर किती वाजता लागेल? पुणे-नाशिक रस्त्यावरची कोंडी ज्याला ठाऊक आहे, त्याला या प्रश्नांमागची धास्तीही कळते. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, की चलन निघताच गिऱ्हाइकाला आपोआप एसएमएस जाऊ दे. व्हॉट्सॲप आहेच, पण एसएमएसला नेट लागत नाही आणि तो कीपॅडच्या फोनवरही उतरतो.

प्रोग्रामरला विचारलं तर तो म्हणतो, चार ओळींचं काम आहे. तो खोटं बोलत नसतो. जीएसएम मॉडेममध्ये सिम घालायचं, तो कॉम्प्युटरला जोडायचा आणि 'एटी' कमांड द्यायच्या. १९८१ च्या हेज मॉडेमपासून चालत आलेली ही भाषा. एका कमांडने मजकूर साध्या अक्षरांत आहे हे सांगायचं, दुसरीने नंबर द्यायचा. मग मॉडेम '>' असं चिन्ह दाखवून वाट पाहतो. मजकूर टाइप करून कंट्रोल-झेड दाबलं की निरोप सुटला.

भानगड पाचव्या ओळीपासून सुरू होते. नंबराच्या मधे कुणी डॅश टाकलेला असतो, सिममधले पैसे संपलेले असतात, एकाच वेळी दोनशे निरोप रांगेत उभे राहतात, मजकूर मराठीत असतो. हे सगळं सांभाळणारा, एकदा लिहून पुन्हा पुन्हा वापरता येणारा कोड म्हणजे लायब्ररी. भोसरीत कुणी प्रत्येक नट स्वतः लेथवर फिरवत बसत नाही, मापाचा विकत आणतो, लायब्ररीचंही तसंच. ती ओपन सोर्स असेल तर नटाबरोबर त्याचं ड्रॉइंगही मिळतं आणि त्यात बदल करायची परवानगीही.

अशी कामं बरीच जुनी आहेत. 'कॅनेल' हा गेटवे, म्हणजे निरोप मोबाइल कंपनीपर्यंत नेणारा दुवा, १९९९ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झाला. तो मॉडेमच्या भरवशावर न राहता 'एसएमपीपी' या प्रोटोकॉलने मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्राशी थेट बोलू शकतो. 'गॅमू' त्याहून घरगुती: एक मॉडेम, एक डेटाबेस आणि त्यात 'आउटबॉक्स' नावाचा तक्ता. त्या तक्त्यात नवी ओळ पडली की गॅमू ती उचलून पाठवतो.

महाराष्ट्रातलं उदाहरण मुंबईत सापडतं. ऋषभ मेहता यांच्या फ्रॅपे या कंपनीचं 'ईआरपीनेक्स्ट' हे सॉफ्टवेअर खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब असा छोट्या कारखान्याचा सगळा कारभार सांभाळतं आणि त्याचा कोड खुला आहे. ते ज्या फ्रॅपे फ्रेमवर्कवर उभं आहे, त्यात एसएमएस पाठवणारी एक एवढीशी पायथन फाइल आहे. ज्याला असा कोड लिहायचा आहे त्याने ती जरूर वाचावी. आधी ती आलेल्या नंबरांतली मोकळी जागा, डॅश आणि कंस काढून टाकते. मग गेटवेचा पत्ता, मजकुराच्या रकान्याचं नाव, नंबराच्या रकान्याचं नाव आणि 'स्टॅटिक' म्हणजे न बदलणारी माहिती, उदाहरणार्थ पासवर्ड किंवा पाठवणाऱ्याचं नाव, हे सगळं सेटिंगमधून उचलून विनंती पाठवते. शेवटी कुणाला काय पाठवलं याची नोंद करते. संपलं.

या रचनेतली हुशारी अशी, की त्यात कुठल्याही एका एसएमएस कंपनीचं नाव नाही. गेटवे महाग वाटला तर मालकाने दुसरा धरावा आणि चार रकाने बदलावेत. कोडला हात लावायची गरज नाही. अनेक कंपन्या आपापल्या सेवेची लायब्ररी फुकट देतात खऱ्या, पण ती घेतली की गिऱ्हाईक त्याच दाराशी बांधलं जातं.

आता मजकुराकडे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी त्या सात बिटांच्या मूळ तक्त्यात नाही. तिला प्रत्येक घरासाठी, म्हणजे अक्षराच्या प्रत्येक घटकासाठी, १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७० घरं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांना प्रत्येकी वेगळं घर. 'पिंपरी' दिसायला तीन अक्षरी, पण घरं सहा. 'स्त्री' हे एकच अक्षर, त्यालाही सहा.

हा निरोप पाहा: 'आपला माल आज दुपारी चाकणकडे निघाला. चलन क्र. ४५२, एकूण १२० नग. पोचल्यावर सही करून पोच पाठवावी.' एकूण ९३ घरं. म्हणजे दोन एसएमएस आणि दोनांचे पैसे. तुकडे जोडण्यासाठीची खूण मजकुराआधी घालावी लागते, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ घरंच हाती उरतात. शेवटचं वाक्य काढलं तर ६१ घरं, एकात भागतं. चांगली लायब्ररी हा हिशेब पाठवण्याआधी दाखवते. आणखी एक गंमत: इंग्रजी मजकुरात एकच ₹ चिन्ह आलं, तरी ते सात बिटांच्या तक्त्यात नसल्यामुळे अख्खा निरोप १६० वरून ७० वर येतो. वर्डमधून चिकटवलेलं वळणदार अवतरणचिन्हही हाच घोळ करतं.

भारतात याच्यावर सरकारी नियमांचा थर आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याने 'डीएलटी' व्यवस्थेत कंपनीची, हेडरची म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या प्रत्येक साच्याची नोंद करायची असते. बदलता भाग, म्हणजे चलन क्रमांक किंवा नग, तेवढा रिकामा सोडायचा; बाकी शब्द नोंदवल्याप्रमाणे हवेत. ८ मार्च २०२१ पासून मोबाइल कंपन्या साचे ताडून पाहू लागल्या आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. ट्रायला दुसऱ्याच दिवशी ही तपासणी सात दिवस थांबवावी लागली. १ ऑक्टोबर २०२४ पासून मजकुरातल्या लिंकाही आधी नोंदवलेल्या असाव्या लागतात. २०२५ च्या दुरुस्तीने हेडरच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी हे अक्षर आलं: जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी, ते त्यावरून कळतं.

परदेशात लिहिलेल्या लायब्ररीला यातलं काही माहीत नसतं. फ्रॅपेच्या त्या फाइलमध्येही अडचण येऊ शकते. साच्याचा क्रमांक दर मजकुराला वेगळा असतो, 'स्टॅटिक' रकाना मात्र सगळ्यांना सारखाच. काही गेटवे मजकुरावरून साचा ओळखून घेतात. जे क्रमांक मागतात त्यांच्यासाठी कोडमध्ये भर घालावी लागते. कोड खुला असल्याने ती घालता येते, आणि घालणाऱ्याने ती मूळ प्रकल्पाकडे पाठवली तर पुढच्या वर्कशॉपला तयार मिळते.

निरोप पोचला का, हा वेगळाच मामला. गेटवेने 'घेतला' म्हटलं म्हणजे तो फोनवर उतरला असं नाही. पोच नंतर, वेगळ्या मार्गाने येते. उत्तर यायला उशीर झाला म्हणून लायब्ररीने पुन्हा पाठवला, तर गिऱ्हाइकाला एकच टेम्पो दोनदा निघाल्याचं कळतं. म्हणून प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक देऊन ठेवावा आणि पुन्हा पाठवण्याआधी तो तपासावा.

मराठीच्या ७० घरांवर उपाय कागदावर आहे. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी संस्थेने बंगाली, गुजराती, तमिळसह दहा भारतीय भाषांचे सात बिटांचे तक्ते केले आहेत. मराठीचं नाव त्या यादीत नाही, पण हिंदीच्या तक्त्यात 'ळ' आहे, 'ॲ'सुद्धा आहे. तो वापरला तर एका संदेशात १५५ घरं मिळतात आणि वरचा ९३ घरांचा निरोप एकातच जातो. त्यासाठी लायब्ररी, गेटवे, मोबाइल कंपनी आणि घेणाऱ्याचा फोन या चौघांनाही तो तक्ता यावा लागतो. एकालाही येत नसला तर गिऱ्हाइकाच्या फोनवर अगम्य चिन्हं उमटतील. ती जोखीम नको म्हणून लायब्ररी लिहिणारे सहसा १६ बिटांचा रस्ता धरतात, आणि कारखान्यात निरोप ७० घरांत बसवण्यासाठी 'पोच पाठवावी' हे वाक्य कापलं जातं.