गुरांची जात कशी पारखावी?

गेल्या हनुकाला मी मुलीकडे सिंगापूरला गेले होते. तिथल्या लिटल इंडिया भागात सकाळी फिरताना दोन पाट्या दिसल्या. एकीवर बफेलो रोड, दुसरीवर बेलिलिओस रोड. नातवाने विचारले, "आजी, इथे म्हशी कुठे आहेत?" आता तिथे एकही नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हा भाग गुरांच्या व्यापाराचा होता. पाणी आणि गवत भरपूर, म्हणून गोठे तिथे होते. आयझॅक राफाएल बेलिलिओस हा कलकत्त्यात जन्मलेला यहुदी व्यापारी तिथे गुरांचा मोठा व्यवहार करीत असे. रस्त्याला त्याच्याच घराण्याचे नाव आहे.

जनावर घेताना त्याची जात टिकेल की नाही, हे हा माणूस कशावरून ठरवीत असेल, असा विचार माझ्या मनात आला. हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात, आणि तेलाचा घाणा बैलावरच चाले.

माझ्या आजोबांचा रेवदंड्याजवळच्या गावात घाणा होता. घरचा बैल लहानखुरा, तांबूस, दिसायला अगदी साधा. एका वर्षी आजोबांनी घाटावरून उंचापुरा पांढरा खिलार बैल आणला. सारा गाव बघायला आला. पण पावसाळा लागला आणि महिन्याभरात त्याचे खूर सडले, अंगावर गोचीड चढली. दिवाळीपूर्वी तो विकावा लागला. जुना तांबूस बैल मात्र मी शाळेत जाऊ लागले तेव्हाही घाणा ओढीत होता.

म्हणून खिलार वाईट असे नाही. सोलापूर-सांगलीच्या कोरड्या मुलखात चालायला आणि ओढायला खिलारासारखा बैल नाही. यातून पहिला धडा मिळतो: जात पारखायची ती तिच्या जमिनीवर आणि तिच्या हवेत. त्यानंतर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आयुष्य. एका जनावराचे वय दातांवरून कळते. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि आठही आले की जुळला. हे चार-पाच वर्षांपर्यंत ठीक. पुढे दातांची झीज पाहून अंदाज बांधावा लागतो. पण जातीचे आयुष्य एका जनावरावरून ठरत नाही. गोठ्यात म्हाताऱ्या गाई किती आहेत आणि त्यांची किती वेतं झाली, हे विचारावे. आपली इस्राएली होल्स्टिन गाय वर्षाला 11,000 लिटरच्या वर दूध देते. जगात तिचे नाव आहे. पण अशा मोठ्या गोठ्यांत गाय बहुधा तीन-चार वेतांनंतर काढून टाकतात. देशी गाय दूध थोडे देते, पण चांगली असली तर आठ-दहा वेतं देते. दोन्ही आकडे समोर ठेवूनच तुलना करावी.

दुसरी गोष्ट आरोग्य. खूर घट्ट आहेत का, कातडीवर गोचीड किती, नाकपुडी ओलसर आहे का, जनावर स्वस्थ बसून रवंथ करते का, गाय मदतीशिवाय विते का, हे पाहावे. आणि वर्षात डॉक्टरला किती वेळा बोलावले, हे जरूर विचारावे. मात्र जातीचा गुण आणि मालकाची निगा यांची गल्लत करू नये. आमचा घाणा शब्बाथला बंद असे. तोरेत बैलालाही विश्रांती सांगितली आहे. आमचा बैल इतकी वर्षे टिकला, त्याचे थोडे श्रेय त्या शनिवारांनाही द्यावे लागेल. म्हणून एकच गोठा पाहून मत बनवू नये. निगा कमी असलेला गोठाही पाहावा.

तिसरी गोष्ट नावलौकिक. येथे विचारायचे ते एवढेच, की चांगले म्हणतो कोण? विकणारा तर म्हणणारच. जत्रेतले बक्षीस एका दिवसाचे असते. ज्याने तीच जात दहा वर्षे सांभाळली आणि पुन्हा तीच विकत घेतली, त्याचे मत खरे. याचे मोठे उदाहरण ब्राह्मन जातीचे. गीर, कांकरेज, ओंगोल अशी आपली गुरे अमेरिकेत गेली आणि त्यांच्यापासून मांसासाठी पाळली जाणारी ही जात तयार झाली. ती उष्णता आणि गोचीड सोसते, हे टेक्सासच्या आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पशुपालकांनी वर्षानुवर्षे पाहिले. म्हणून ती तिथे पसरली.

आणि आमचा तांबूस बैल? त्याला कोणी जात मानलेच नाही. सगळे 'गावठी' म्हणत. अंगाने लहान, दूध कमी, म्हणून कोकणात अशा गाई मागे पडत गेल्या आणि संकराच्या गाई आल्या. शेवटी 2018 साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने 'कोकण कपिला' या नावाने या गुरांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. डोंगरउतार, दमट हवा, धो धो पाऊस आणि हलका चारा यांत ती तग धरते. शतकानुशतके हा गुण तिच्यात होता. कागदावर मात्र आत्ता आला.

या जातीचा बैल किती वर्षे काम करी, हे ठाऊक असलेली माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांतली काही हे मासिक वाचतात. आपल्या घरी घाणा असेल, तर बैलाचा रंग कोणता, तो किती वर्षे चालला, पावसात आजारी पडे का, एवढे तरी एका कागदावर लिहून मुलांकडे द्या. बैल किती टिकला, हे ज्याने पाहिले त्यालाच सांगता येते.