छपराची पन्हळ बघितली का?

स्वारगेटच्या आसपासच्या वस्त्यांत डेंगीचा रुग्ण निघाला की आम्ही घरोघर जातो. लोक पिंप दाखवतात, कूलर दाखवतात; पत्र्याच्या कडेची पन्हळ कुणी दाखवत नाही. ती पानांनी, मांजाने, गुटख्याच्या पुड्यांनी तुंबलेली असते. त्यामागे साचलेलं वाटीभर पाणी डेंगीच्या डासाला पुरतं. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला पन्हळ साफ हवी. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात, ब्रशने घासाच. धुराच्या फवारणीने उडते डास मरतात, अळ्या नाही.

साफ करूनही पाणी थांबतंय? मग उतार नाही. दहा फुटांना अर्धा-पाऊण इंच पुरे, तारेचे आकडे खालीवर करा. भोक कोरडं पुसून एम-सील लावा. चाळणच झाली असेल तर पीव्हीसी पाइप उभा चिरून बसवा, गंजत तरी नाही.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, फुटतो. शिडीवरूनच काम करा, आधी विजेचं मेन बंद करून. पाण्याचं तोंड मात्र शेजारणीच्या दारात सोडू नका. त्यावरून पेटलेली भांडणंही आम्ही पुष्कळ सोडवली आहेत.