शालू डाळिंबी की वांगी?

साडी घ्यावयास गेलेली गृहिणी दुकानातल्या झगमगाटावर विश्वास ठेवीत नाही. पदर हाती धरून ती दारापर्यंत येते, उजेडात तो निरखते आणि मगच घासाघीस सुरू होते. घरच्या संगणकावर छायाचित्रांचे रंग दुरुस्त करताना मात्र आपण हा चोखंदळपणा कसा विसरतो, याचे नवल वाटते.

हल्ली पुष्कळ घरांत जुने अल्बम संगणकात उतरवून घेतले जातात. १९७०च्या दशकातली रंगीत छायाचित्रे, अल्बमात मिटून राहिली तरी, बहुधा तांबूस पडलेली असतात. कारण अंधारात त्यांतला निळसर-हिरवा रंग आधी विटतो. आईचा वांगी शालू मग डाळिंबी दिसू लागतो. चिरंजीव रात्र जागवून तो सुधारतात आणि छापून आणतात, तो भलताच काळपट! बोल लागतो छापणाऱ्याला. खोलीकडे कोणी पाहत नाही.

पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध विणकामशाळेत १८२४ साली शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख झाले. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार होती, की तो निळ्या-जांभळ्या धाग्यांत फिका दिसतो. तपासाअंती आढळले, की काळ्यात खोट नव्हतीच. शेजारचे रंग त्याला बिघडवीत होते. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. पोपटी भिंतीपुढे ठेवलेल्या पडद्याचे नेमके हेच होते.

तेव्हा पडद्यामागची भिंत राखी असावी, तीही बिनचमकेची. घरातली वडील मंडळी तिला सुतकी म्हणतील. त्यांचा मान राखून मागे राखी कापड टांगले तरी भागते. खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असावी आणि तिला जाड पडदा हवा. कारण सकाळचा उजेड संध्याकाळी तोच राहत नाही. लाल सदरा घालून बसाल तर त्याचीही झाक काचेवर पडते. दिवा ५००० केल्विनचा घ्यावा. घरातला नेहमीचा पिवळा दिवा सुमारे २७००चा असतो. खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक छापलेला असतो. तो ९०च्या वर हवा.

आता पडदा. नवा पडदा बहुधा डोळे दिपविण्याइतका प्रखर ठेवलेला असतो, आणि प्रती काळपट येण्याचे मुख्य कारण हेच. दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला एवढे तेज पुरे. पांढरेपणा ६५०० केल्विनवर ठेवावा आणि रात्री पडदा पिवळा करणारी सोय बंद करावी. हे सारे डोळ्यांनी ठरवू नये. डोळा दहा मिनिटांत पिवळ्यालाही पांढरे म्हणू लागतो. काचेवर टेकवून रंग मोजणारे लहानसे यंत्र मिळते. ते महिन्यातून एकदाच लागते. चार मित्रांनी मिळून घ्यावे.

शेवटी एक लहान प्रत छापून ५०००च्या दिव्याखाली पाहावी. शालू अजून ट्रंकेत असेल तर तोही बाहेर काढावा. वरचा पदर विटला असेल, पण घडीच्या आतल्या भागाने उजेड फारसा पाहिलेला नसतो. तोच प्रतीशेजारी धरावा, आणि आईलाही हाक मारावी.