एकशे सहा टक्क्यांत चाकण कुठे?

मॉन्सून सोमवारी पुण्यात येऊन धडकला आणि हवामान खात्याचा हंगामाच्या पावसाचा सुधारित अंदाज मंगळवारी, २७ मे २०२५ रोजी जाहीर झाला. पाहुणा ओसरीवर बसल्यानंतर त्याच्या येण्याचे पत्र पोचावे, तसा प्रकार. एप्रिलमधल्या अंदाजातले १०५ टक्के १०६ झाले. आकडा सगळ्या देशाचा, चार महिन्यांच्या बेरजेचा, ८७ सेंटिमीटरच्या सरासरीशी ताडलेला. वर चार टक्के इकडेतिकडे. भोसरीच्या वर्कशॉपवाल्याला किंवा चाकणमध्ये डिस्पॅच सांभाळणाऱ्याला त्यातून काय कळते? माझ्या मते, जवळजवळ काहीच नाही.

मुळात आपल्या पट्ट्यात पाऊस एकसारखा पडतच नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, शिवाजीनगर वेधशाळेत जेमतेम त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, शिरूरच्या बाजूला सरकावे तसा आणखी कमी. पिंपरी-चिंचवडचे नळ पवना धरणावर चालतात आणि धरण भरते ते मावळातल्या घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसाने. चिखलीत ऊन पडलेले असते आणि वरून विसर्ग वाढला म्हणून सांगवीत नदीकाठचे लोक सामान माळ्यावर चढवत असतात. पाणीपुरवठ्याचे तर विचारूच नका. २०१९ मध्ये पाऊस दणकून झाला, धरण भरले आणि त्याच नोव्हेंबरात शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले. अजून तेच चालू आहे.

तरी एकच आकडा सांगण्याचा मोह जुना आहे. हिमालयातला बर्फ पाहून हवामानशास्त्रज्ञ ब्लॅनफोर्डने १८८६ मध्ये पहिला हंगामी अंदाज दिला, तेव्हापासूनचा. त्यातला सगळ्यात चटकदार अध्याय पुण्याच्या नावावर आहे. १९८८ मध्ये शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे प्रारूप आले. समुद्राचे तापमान, वारे, हवेचा दाब, युरेशियातला बर्फ, सगळे एका समीकरणात. वर्षामागून वर्षे देशाचा पाऊस ‘सामान्य’ राहिला, अंदाजही ‘सामान्य’ होता आणि ‘सोळा घटक’ हे शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचले. मग २००२ उजाडले. अंदाज १०१ टक्क्यांचा होता, पाऊस पडला ८१ टक्के. एकट्या जुलैत निम्म्याहून अधिक तूट. सोळा घटकांच्या समीकरणाला त्या जुलैची चाहूल लागली नव्हती.

गोवारीकरांना दोष देणारे तेव्हा पुष्कळ निघाले. मला ते अन्यायाचे वाटते. समीकरण जुन्या वर्षांच्या नात्यांवर उभे होते, आणि ही नाती पक्की नसतात. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत तगड्यांपैकी एक, तरी त्या वर्षी आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून ‘एल निनो आला, दुष्काळ आला’ असे छातीठोक सांगणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. आता समुद्र आणि हवा एकत्र धरून गणित करणारी प्रारूपे आहेत. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१२ च्या मॉन्सून मिशनपासून त्यावर काम चालले आहे. अंदाज सुधारले, हे मान्यच. पण २०२३ मध्ये अंदाज ९६ आणि पाऊस ९४ टक्के, म्हणजे कागदावर उत्तीर्ण. त्याच हंगामातला ऑगस्ट मात्र १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. बेरीज जुळली म्हणून पेरणी जगत नाही.

आपल्या कामाचा अंदाज वेगळाच आहे आणि त्याच्या बातम्या होत नाहीत. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढते. तोही पाषाणात घडलेला, २०१६ पासून खात्याच्या रोजच्या कामात आलेला. ढगांची एक प्रचंड लाट विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकत साधारण तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला फेरी घालते. ती हिंदी महासागरावर असली की आपल्याकडे पावसाला जोर चढतो, पुढे गेली की उघडीप मिळते. तिचा माग लागतो म्हणून दोन आठवड्यांपर्यंत बऱ्या भरवशाने बोलता येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचे आडाखे मात्र जपूनच घ्यावेत.

पत्र्याची डागडुजी, स्लॅबचे काम, तळेगाव-चाकण रस्त्यावर अडकू शकणाऱ्या मालाचा जादा साठा, हे सगळे ठरते ते या दोन आठवड्यांत. सातगाव पठारावरच्या बटाटेवाल्याचेही तसेच. २०२५ च्या मे अखेरीचेच पाहा ना, आकडा १०६ चा होता आणि कृषी विभाग सांगत होता की पेरणीची घाई करू नका. दोन्ही बरोबर होते.

गुरुवारचा हा अंदाज खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. चाकण-भोसरीच्या उद्योजक संघटनांनी तो आपल्या सभासदांच्या व्हॉट्सअॅपवर टाकावा, आणि महापालिकेने पवनेच्या पाणलोटाचे पुढचे दोन आठवडे पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी मराठीत छापावेत.