मेंदूची साक्ष कितपत ग्राह्य?

एखादा चेहरा ओळखीचा वाटला, की मेंदूच्या विशिष्ट भागांतील रक्तप्रवाह बदलतो. एफएमआरआय यंत्र हा बदल टिपते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना आधी २०० चेहरे दाखवले. तासाभराने त्यांत तितकेच नवे मिसळले. कोणता चेहरा ओळखीचा ‘वाटला’, हे प्रतिमांवरून बऱ्याच अंशी सांगता आले. तो खरोखर पाहिलेला होता काय, हे मात्र जवळजवळ सांगता आले नाही.

हा फरक किरकोळ नव्हे. पुण्यातील सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. तंत्र निराळे, पण प्रश्न तोच. संमतीविना अशी चाचणी घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये मनाई केली.