रविवार आणि १६० चौरस फुटांचे घर

रविवारची सुटी आपल्याला पंचांगाने दिलेली नाही. ती मागून, भांडून मिळवावी लागली आहे. आज हे मुद्दाम सांगावे लागते, कारण सुटी आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही एक जन्मतारीख आहे हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या या शहरातील श्रमिकाने आपला रविवार जेथे घालविला ते घर म्हणजे चाळीतील एक खोली.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी हे त्याचे ठळक उदाहरण. १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने उभारलेल्या या २०७ इमारती. प्रत्येक बिऱ्हाडाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, आणि शौचालये सामाईक. एवढ्या जागेत आठ-दहा माणसे सुखाने कशी नांदत, हा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. सुखाने नांदत नव्हती, हे त्याचे खरे उत्तर. ती खोलीत मावतच नव्हती. म्हणून ती पॅसेजमध्ये, जिन्यात, पटांगणात राहत होती. रविवारी तर खोली ही केवळ जेवणापुरती उरे.

सकाळी नळावर नेहमीपेक्षा सावकाश भांडण, शिकेकाईने न्हालेली मुले, मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे असलेले वडील, कुठे पाट्यावर वाटले जाणारे खोबरे आणि साऱ्या मजल्यावर पसरणारा रश्श्याचा वास. कोणाकडे काय शिजते आहे हे दाराबाहेरून कळे आणि वाटीभर कालवण शेजारी पोहोचे. ज्याच्याकडे महिनाअखेरीस वरणभातच असे, त्यालाही ते कळे. जेवणानंतर पुरुषमंडळी चटईवर आडवी होत आणि मुलांना बाहेर पिटाळले जाई. संध्याकाळी गणवेशाला इस्त्री आणि कॅनव्हासच्या बुटांना पांढरे पॉलिश लागले, की सुटी संपल्याची खूण पटे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि या दिनक्रमात रविवारच्या चित्रपटाची भर पडली. मजल्यावर ज्याच्याकडे दूरचित्रवाणी संच, त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. घरमालकीण मनातून वैतागली तरी पंखा मुलांकडेच वळविलेला असे.

तीन वर्षांच्या आतले मनुष्याला सहसा काही आठवत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांचे आठवते तेही तुकड्यांनी. त्या वयाच्या आठवणीत घराचे क्षेत्रफळ नसते. फरशीचा गारवा असतो, पलंगाखालचा अंधार असतो, शेजारच्या काकूंच्या हातच्या चकलीचा डबा कोणत्या फळीवर होता हे असते. चाळीत वाढलेल्या माणसाला ‘घर’ म्हटले की पाच-सहा बिऱ्हाडे एकदम आठवतात, ती यामुळे.

मात्र या आठवणींचे बहुतेक लेखन ज्यांना रविवारी विश्रांती होती त्यांनी केले आहे. वाटण वाटणाऱ्या, आठवड्याचे कपडे धुणाऱ्या आणि सामाईक शौचालयासाठी पहाटेच्या अंधारात उठणाऱ्या स्त्रीला लोखंड्यांची सुटी पोहोचली होती काय? चाळीचे गुणगान गाताना हा प्रश्न जो टाळतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचे न्हाणीघर, आतून लावता येणारे दार, अभ्यासाला बसायला एक कोपरा यांचे मोल त्या घरातील बाईला आणि दहावीतल्या मुलीला विचारावे. कोणत्याही आठवणीपायी त्यांना पुन्हा त्या खोलीत पाठविण्याचा अधिकार कोणाला नाही.

प्रश्न आहे तो दाराबाहेरच्या जागेचा. उंच इमारतीत लिफ्टपासून दारापर्यंतचा भाग हा केवळ वाट म्हणून आखला जातो. तेथे सायकल ठेवली तर सूचना येते, मूल बसले तर तक्रार येते. चाळीचा पॅसेज अपुऱ्या घराची भरपाई म्हणून वापरला गेला हे खरे. पण चार वर्षांचे पोर आईच्या हाकेच्या टप्प्यात, आणि तरीही आईच्या नजरेआड, असे तेथेच हिंडू शकत होते. सोळाव्या मजल्यावरून त्याला एकट्याला खाली कोण सोडणार? राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. अशा घरांत सुटीचे दोन दिवस आहेत आणि मूल दोन्ही दिवस मोबाइल घेऊन पलंगावर आहे.

पुढच्या इमारतींचे नकाशे ज्यांच्यापुढे येतील त्या रहिवाशांनी वाहनतळाइतक्याच नेटाने दर दोन-तीन मजल्यांमागे एक मोकळी, कठडा असलेली, लहान मुलांना चटई टाकून बसता येईल अशी जागा मागावी. आणि तेथे खेळण्यास मनाई असल्याची पाटी लावू नये, हेही सोसायटीच्या पहिल्याच सभेत लिहून घ्यावे.